काळ्या पाषाणाचा जबाब

२५ ऑगस्ट १८६५ रोजी सकाळी बिहारमध्ये गयेजवळच्या शेरघाटीला आकाशातून एक दगड पडला. वजन जेमतेम पाच किलो. त्याचा नमुना युरोपात पोहोचला आणि १८७२ साली व्हिएन्नाचे खनिजशास्त्रज्ञ गुस्ताव चेर्माक यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. त्यात त्यांना एक विचित्र पदार्थ दिसला. घटक बघावेत तर फेल्डस्पारचे, आकार बघावा तर फेल्डस्पारच्याच स्फटिकाचा. पण प्रकाश त्यातून जाई तो काचेतून जावा तसा. ब्रिटिश म्युझियममधले खनिजांचे जाणकार मॅस्केलिन यांच्या नावावरून चेर्माक यांनी त्याला मॅस्केलिनाइट म्हटलं. स्फटिकाचा आकार जसाच्या तसा राहून आतून तो काच कसा झाला, याचं पक्कं उत्तर पुढची नव्वद वर्षं कुणाकडे नव्हतं.

लोणारचं विवर कशामुळे झालं, हा आपल्याकडचा दीडशे वर्षांचा वाद शेवटी या खनिजाने मिटवला. खळग्याच्या आकारावरून, खोलीवरून, काठावरच्या थरांवरून जे ठरलं नाही, ते केसाहून बारीक कणांवरून ठरलं. या प्रकरणातला साक्षीदार आपल्या रोजच्या ओळखीचा आहे, म्हणून आधी त्याच्याकडे बघू.

पुणे जिल्ह्यातल्या वरवंडला नवी विहीर काढायला घेतली की वरची माती संपल्यावर मुरूम लागतो, मग मांजऱ्या आणि त्याखाली काळा पाषाण. पाषाण लागला की टिकाव-पहार बाजूला ठेवून सुरुंग लावावा लागतो. दौंड-शिरूरच्या पट्ट्यात विहिरीचा खर्च किती परसांवर पाषाण लागतो त्यावर ठरतो, आणि खडकवासल्याच्या कालव्याच्या पाण्यावर भरणाऱ्या वरवंडच्या व्हिक्टोरिया तलावाखालीही हाच खडक पसरलेला आहे. भूविज्ञानात त्याचं नाव बेसॉल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भेगांमधून लाव्हा थरांवर थर पसरत गेला, त्यातून हा खडक बनला. इथून पावणेतीनशे किलोमीटरवर, ईशान्येला, बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारलाही जमीन त्याच दख्खनच्या लाव्ह्याची आहे.

या पाषाणाची चकती कापून ती घासत घासत ०.०३ मिलिमीटर जाडीची केली की काळाकभिन्न दगड पारदर्शक होतो. ती काचपट्टीवर चिकटवून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. खाली एक ध्रुवक, वर त्याला आडवा दुसरा. मध्ये काच असेल तर डोळ्याला नुसता अंधार दिसतो. पण बेसॉल्ट ठेवला की अंधार उजळतो. पायरॉक्सीनचे कण पिवळे, निळे, गुलाबी दिसतात आणि त्यांच्यामध्ये प्लॅजिओक्लेज फेल्डस्पारच्या अरुंद, लांबट काड्या सगळ्या दिशांना विखुरलेल्या असतात. प्रत्येक काडीवर लांबीच्या दिशेने काळे-पांढरे पट्टे. सूक्ष्मदर्शकाचं गोल टेबल हळूहळू फिरवलं की काळा पट्टा उजळतो, उजळ पट्टा काळा होतो. पूर्ण फेऱ्यात असं चार वेळा. आतले अणू शिस्तीत रांगेने बसले आहेत, याची ती खूण.

आता लोणारच्या विशिष्ट तुकड्याचा काप ठेवू. वरचा ध्रुवक काढून बघितलं तर काही फरक जाणवत नाही. त्याच काड्या, तशाच कडा, शेजारी तेच पायरॉक्सीन. ध्रुवक परत घातला की काड्या विझतात. टेबल कितीही फिरवा, त्या काळ्याच राहतात. काडीचा आकार आहे, कड शाबूत आहे, पण अणूंच्या रांगा मोडल्या आहेत. हाच चेर्माक यांचा मॅस्केलिनाइट. वितळून थिजलेल्या नेहमीच्या काचेला आकार राहत नाही, ती शेजारच्या कणांमध्ये ओघळते, तिच्यात बुडबुडे येतात. इथे ओघळ नाही, बुडबुडा नाही.

लोणारचं तळं लोकांना कधीच अपरिचित नव्हतं. स्कंदपुराणात लोणासुराची कथा आहे, गावात त्याचा वध करणाऱ्या दैत्यसूदनाचं देखणं मंदिर आहे. अबुल फजलाच्या ‘आईन-ए-अकबरी’त या परिसरात काच आणि साबण बनवायला लागणारे पदार्थ मिळतात अशी नोंद आहे. ते पदार्थ म्हणजे तळ्याच्या खाऱ्या पाण्यातले क्षार. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठावर पापडी धरे, ती गोळा केली जाई. डल्ला, खप्पल, भुसकी अशी तिच्या प्रतींची नावं होती. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने तळ्याची नोंद केली आणि तिथून भूवैज्ञानिकांची रीघ सुरू झाली.

त्यांना दिसलं ते असं: जवळजवळ गोल खळगा, व्यास सुमारे १.८ किलोमीटर, काठापासून खाली तळ्यापर्यंत दीडशे मीटरच्या आसपास उतार. आजूबाजूला सपाट रान आणि मधेच काठ वीस-तीस मीटर उंच उठलेला. बेसॉल्टचे थर एरवी आडवे असतात, पण काठाशी ते बाहेरच्या बाजूला कलंडलेले. काही ठिकाणी तर खालचा थर वर येईल असे उलथलेले. चहूकडे लाव्ह्याचा प्रदेश असल्यामुळे हा ज्वालामुखीचा प्रताप, असं जवळपास प्रत्येकाने लिहिलं. डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी १८६८ मध्ये मोठ्या स्फोटाची कल्पना मांडली. १९१२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ला तूश आणि क्रिस्टी यांनी लोणारवर सविस्तर लेख लिहिला, तेव्हाही पृथ्वीच्या पोटातूनच कारण शोधलं गेलं.

यातली अडचण त्यांनाही दिसत होती, आणि ती त्यांनी लपवली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. दख्खनचे ज्वालामुखी कोट्यवधी वर्षांपूर्वी थंड झाले, आणि इतक्या काळात नद्यांनी सह्याद्रीचे कडे कापून काढले; लोणारचा काठ मात्र कालपरवाचा वाटावा इतका धारदार. शिवाय खळग्याभोवती नवा लाव्हा नाही, राख नाही. मग वाफेचा किंवा वायूंचा कोंडमारा झाला आणि जमीन फुटली, असं म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

याच सुमारास अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात हुबेहूब असाच वाद पेटला होता. तिथल्या सव्वा किलोमीटरच्या खळग्याभोवती लोखंडी अशनींचे तुकडे विखुरलेले होते. तरीही त्या काळातले नामांकित भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी तपासणीनंतर वाफेच्या स्फोटाच्या बाजूने कौल दिला. १८९६ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात त्यांनी दाखला दिला तो लोणारचा: बघा, हिंदुस्थानातही लाव्ह्याशिवाय असाच खळगा झाला आहे. म्हणजे एका विवराचा चुकीचा अर्थ दुसऱ्याच्या चुकीच्या अर्थाला टेकू देत होता. डॅनिएल बॅरिंजर हा खाणमालक पुढची पंचवीसेक वर्षं तिथे भोकं घेत राहिला, जमिनीत गाडलेला लोखंडाचा गोळा त्याला हवा होता. तो मिळाला नाही. मिळणारही नव्हता, कारण अशा वेगाने आदळणारी वस्तू बहुतांशी वितळून, वाफ होऊन उधळते. हे तेव्हा कुणाला नीट उमगलेलं नव्हतं.

उलगडा झाला तो प्रयोगशाळेत. १९५३ साली लोरिंग कोस यांनी प्रचंड दाबाखाली क्वार्ट्झचं एक जड, दाट रूप तयार केलं. त्याला कोसाइट म्हणतात. १९६० साली एडवर्ड चाओ, यूजीन शूमेकर आणि बेथ मॅडसन यांना ॲरिझोनाच्या खळग्यातल्या वालुकाश्मात तेच कोसाइट सापडलं. पृथ्वीच्या पृष्ठभागावर इतका दाब यायला आकाशातून काहीतरी आदळण्याशिवाय दुसरा मार्ग नाही. त्यानंतर क्वार्ट्झच्या कणांतल्या समांतर, अतिशय बारीक पातळ्यांची ओळख पटली. आघाताची लहर कणातून जाताना ठरावीक कोनांत अणूंची रचना मोडत जाते आणि काचेच्या पातळ फटींसारख्या रेषा मागे राहतात. जगभरच्या विवरांना या रेषांनी उल्केचं प्रमाणपत्र दिलं.

लोणारला मात्र ही कसोटी लावता येईना, कारण बेसॉल्टच्या घडणीत क्वार्ट्झ जवळपास नसतोच. आमच्याकडच्या शेतकऱ्याला हे पटायचं नाही. नांगर फिरला की रानात गारगोट्या वर येतात. पण त्या गारगोट्या लाव्हा थंड झाल्यावर त्याच्या पोकळ्यांत पाण्यातून साचलेल्या आहेत, खडकाच्या मूळ विणीतल्या नाहीत. जगभर जो साक्षीदार हमखास सापडतो, तोच इथे गैरहजर होता. १९६४ मध्ये यूजीन लाफाँड आणि रॉबर्ट डिट्झ यांनी लोणार हे अशनी-विवर असावं असं लिहिलं, शीर्षकात प्रश्नचिन्ह ठेवून. त्याच दशकात भारतातल्या व्ही. वेंकटेश यांनी भूरसायनाच्या आधारे ज्वालामुखीची बाजू लढवली. दोन्ही बाजूंकडे युक्तिवाद होते. पुरावा कुणाच्याच हातात नव्हता.

तो कुठे शोधायचा, हे १९६३ मध्येच एका प्रयोगाने दाखवून ठेवलं होतं. डॅनिएल मिल्टन आणि पॉल डी कार्ली यांनी गॅब्रो या खडकावर स्फोटकांनी जबर आघातलहर सोडली. गॅब्रो म्हणजे बेसॉल्टच्याच घटकांचा, पण जमिनीखाली सावकाश थिजलेला खडक. नंतर काप काढून बघितला तर त्यातल्या प्लॅजिओक्लेजचा मॅस्केलिनाइट झाला होता. चेर्माक यांच्या कोड्याचं उत्तर असं नव्वद वर्षांनी आलं: काही लाख वातावरणांचा दाब, आणि तोही क्षणाच्या अगदी छोट्या तुकड्यापुरता.

आघातलहर आणि नेहमीचा दाब यांत मूलभूत फरक आहे. डोंगराखाली गाडलेल्या खडकावर दाब लाखो वर्षं हळूहळू वाढतो. अणूंना सरकायला, नवी रचना करायला वेळ मिळतो. मोठा अशनी सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने आदळतो, तेव्हा लहर ध्वनीपेक्षा वेगाने खडकातून धावते. अणूंना जागा शोधायची उसंतच मिळत नाही. फेल्डस्पारची चौकट आतून पोकळ, सैल विणीची. ती आधी कोसळते. पायरॉक्सीनची वीण घट्ट, ती तग धरते. म्हणून एकाच तुकड्यात फेल्डस्पार काच झालेला आणि त्याला खेटून असलेला पायरॉक्सीन नुसता तडकलेला, असा देखावा दिसतो. मॅस्केलिनाइट घन अवस्थेतच बनतो की क्षणभर वितळून दाबाखाली थिजतो, यावर खनिजशास्त्रज्ञांत आजही मतभेद आहेत. आघाताशिवाय तो बनत नाही, याबद्दल नाहीत.

मग जुलै १९६९ आला. अपोलो ११ ने चंद्राच्या सपाट, काळपट भागातून खडक आणले आणि त्यांत बेसॉल्ट निघाला. चंद्राचा चेहरा विवरांनी भरलेला. तिथला बेसॉल्ट असंख्य आघातांनी चेचलेला. पृथ्वीवर याची बरोबरी करायला नमुना हवा तर बेसॉल्टमध्ये झालेलं, ताजं, चांगलं टिकलेलं विवर हवं. तोवर माहीत असलेल्या जागांत तसं एकच नाव होतं. स्मिथसोनियन संस्थेचे कुर्ट फ्रेडरिकसन, अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले मिल्टन (तेच, गॅब्रोच्या प्रयोगाचे) आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ए. दुबे व एम. एस. बालसुंदरम अशी मंडळी कामाला लागली.

तळ्याच्या तळात भोकं घेतली गेली. आधी सुमारे शंभर मीटर गाळ. त्याखाली अखंड पाषाण नव्हताच. होता तो फुटून, भरडून पुन्हा एकत्र दाबला गेलेला खडकाचा चुरा. वरवंडला बोअर घेणाऱ्यालाही हा फरक लगेच कळला असता, इतका तो उघड होता. त्या चुऱ्याचे काप सूक्ष्मदर्शकाखाली गेले आणि फेल्डस्पारच्या काड्या काळ्या राहिल्या. विवराबाहेर उधळलेल्या मालातही काचेचे बारीक गोल मणी मिळाले. वितळलेला बेसॉल्ट थेंबांच्या रूपात हवेत उडून थिजला की असे मणी होतात, आणि चंद्राच्या धुळीत त्यांची जुळी भावंडं आधीच सापडली होती. १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात चौघांचा लेख आला. लोणार हे बेसॉल्टमधलं आघात-विवर आहे, हे त्यात ठामपणे मांडलं होतं, प्रश्नचिन्हाविना.

ज्वालामुखीची बाजू इथे का संपली, हे नीट समजून घ्यायला हवं. वाफेचा स्फोट कितीही मोठा कल्पिला तरी वाफ कोंडून धरणारं झाकण खडकाचंच असतं. खडकाची ताकद संपली की झाकण उडतं आणि दाब ओसरतो. त्याहून अधिक दाब तिथे साठूच शकत नाही. मॅस्केलिनाइटला लागणारा दाब त्याच्या शेकडो पट. विहिरीतल्या सुरुंगाने पाषाणाच्या ठिकऱ्या उडतात, पण ठिकरीचा काप काढला तर फेल्डस्पारचे काळे-पांढरे पट्टे जागच्या जागी असतात. दगड फुटणं आणि दगडाच्या अणूंची घडी विस्कटणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत सुंदर काम यानंतरचं आहे. १९७६ मध्ये सुसान कीफर, मिल्टन, दुबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोणारचे नमुने आघाताच्या जोरानुसार लावले. २० गिगापास्कलच्या आत, म्हणजे साधारण दोन लाख वातावरणांपर्यंत, कण नुसते तडकतात. २० ते ४० दरम्यान फेल्डस्पारचा मॅस्केलिनाइट होतो, आकार राहतो. ४० च्या पुढे तोच फेल्डस्पार वितळून वाहू लागतो, त्यात बुडबुडे येतात, काडीची कड धूसर होते. ६० च्या वर पायरॉक्सीनही कडांशी वितळायला लागतो. ८० ओलांडलं की सगळं एकच: काळी, फेसाळलेली काच, जिच्यात मूळ खडकाची ओळख उरत नाही. या पायऱ्या अंदाजाने ठरवलेल्या नव्हत्या. प्रयोगशाळेत बंदुकीसारख्या यंत्रातून धातूची चकती मोजलेल्या वेगाने बेसॉल्टवर आदळवून, कोणत्या दाबाला काय होतं ते पडताळलं गेलं. पुढच्या वर्षी शाल आणि ह्योर्झ यांनी लोणारचा बेसॉल्ट आणि अपोलोने आणलेला चंद्राचा बेसॉल्ट, दोन्हींवर असे मारे करून तुलना केली. बुलढाण्याचा दगड आणि चंद्राचा दगड एकाच यंत्रापुढे आले.

लोणारचं मंगळाशी नातं जुळलं ते वेगळ्या वाटेने. अंटार्क्टिकाच्या बर्फात १९७९-८० च्या मोहिमेत शेरघाटीच्या जातीचा एक अशनी मिळाला होता. १९८३ मध्ये बोगार्ड आणि जॉन्सन यांनी त्याच्या काचेत कोंडलेले वायू मोजले, आणि ते व्हायकिंग यानांनी मंगळावर मोजलेल्या वातावरणाशी जुळले. म्हणजे शेरघाटीचा दगड मंगळाचा. तिथे एखादा जबर आघात झाला, त्याने बेसॉल्टचे तुकडे अवकाशात उडाले आणि त्या धक्क्यातच फेल्डस्पारची काच झाली. तेव्हापासून मंगळाच्या खडकांचा अभ्यास करणारेही लोणारचे नमुने मागवतात.

   

लोणारचं एक कोडं अजून बाकी आहे: ते घडलं कधी? अहमदाबादच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या गटाने १९९७ मध्ये उष्णतादीप्तीच्या पद्धतीने वय काढलं, सुमारे ५२ हजार वर्षं. काच तापवली की तिच्यात किरणोत्सारामुळे साठलेल्या ऊर्जेच्या प्रमाणात प्रकाश बाहेर पडतो. आघाताच्या उष्णतेने ते घड्याळ शून्यावर आलं, असं गृहीत धरून मोजणी होते. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कर्टिन विद्यापीठाचे फ्रेड जूर्दां आणि सहकाऱ्यांनी आघातातल्या काचेवर अर्गॉनची पद्धत वापरली आणि उत्तर आलं ५ लाख ७० हजार वर्षं, ४७ हजार इकडे किंवा तिकडे. दहापटीहून अधिक तफावत. खाऱ्या पाण्याशी, पावसाशी संबंध आलेली काच साठलेली ऊर्जा गमावते, त्यामुळे पहिली पद्धत वय कमी दाखवू शकते. दुसऱ्या पद्धतीला वेगळी खोड आहे: काच पूर्ण वितळली नसेल तर साडेसहा कोटी वर्षांच्या मूळ बेसॉल्टमधला जुना अर्गॉन तिच्यात राहतो आणि वय फुगतं. म्हणून जूर्दांच्या गटाला निवडक तुकड्यांवर टप्प्याटप्प्याने तापवून मोजणी करावी लागली, आणि उरलेला जुना वायू हिशेबातून वजा करावा लागला. आज बहुतेक अभ्यासक दुसऱ्या आकड्याकडे झुकतात, तरी जुना आकडा माहितीफलकांवर आणि पुस्तकांत ठाण मांडून आहे.

या दोन आकड्यांमधून निवड करायची तर पूर्ण वितळलेली, पाण्याने न बिघडलेली काच आणखी लागेल. ती विवराबाहेर उधळलेल्या मालात आहे, आणि तो माल काठाभोवतीच्या शेतांत, पायवाटांखाली, लोणार गावाच्या वस्तीखाली पसरलेला आहे. तिथे दर पावसाळ्याआधी नांगर फिरतो. नांगराच्या तासात वर येणारा काळा, हलका, छिद्राछिद्रांचा खडा साधा मांजऱ्या आहे की ८० गिगापास्कलची काच, हे पुष्कळदा काप काढल्याशिवाय सांगता येत नाही.